धुरावाचून तंबाखू : स्वीडनची डबी आणि आपली चंची

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तंबाखूवर लेख यावा, हे काही वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. अशा ग्रंथात मंडळाचा इतिहास असावा, गणेशोत्सवाच्या आठवणी असाव्यात, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे, असा संकेत आहे. तो मोडण्यास जे कारण घडले ते आधी सांगितले पाहिजे.

आपल्या मंडळाच्या नाटकांची बाजू ज्यांनी कित्येक वर्षे सांभाळली, असे आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत. तिसरी घंटा झाल्यावर पडद्याआडून त्यांची नांदी ऐकू आली की परमुलखात बसलेल्या आम्हां मंडळींस क्षणभर पुण्याच्या नाट्यगृहात बसल्याचा भास होई. हे गृहस्थ रोज पाकीटभर सिगारेट ओढीत. २ ऑक्टोबर २००८ पासून कार्यालयांत व इतर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे नियम देशभर लागू झाले, तेव्हा त्यांनी सिगारेट सोडली आणि चुना लावून मळलेली तंबाखू धरली. स्वीडन देशात लोकांनी सिगारेट टाकून ओठाखाली तंबाखू ठेवण्यास आरंभ केला व तेथे फुप्फुसाचा कर्करोग घटला, असे त्यांनी कोठे तरी वाचले होते. ‘धूर गेला, धोका गेला’ असे ते म्हणत, आणि आम्हीही त्यांचे अभिनंदन केले होते. पुढे काही वर्षांनी त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा दिसू लागला. मग जखम झाली, आणि शेवटी खालच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला. आता ते पहिल्या रांगेत बसून नाटक पाहतात. नांदी दुसरे कोणी म्हणते.

स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे ठरले तेव्हा त्यांनीच कागदावर लिहून आम्हांस सांगितले की, ‘माझे नाव घालू नका, पण ती स्वीडनची गोष्ट खरी की खोटी, हे एकदा नीट शोधून लिहा.’ प्रस्तुत लेख म्हणजे त्या चिठ्ठीस दिलेले उत्तर होय.

विजापुराहून आग्र्यास

तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील पीक. सोळाव्या शतकात स्पॅनिश व पोर्तुगीज दर्यावर्दींनी ते जगभर नेले. पोर्तुगालमधील फ्रेंच वकील झाँ निको याने १५६० च्या सुमारास ही वनस्पती औषधी म्हणून फ्रान्सच्या दरबारी पाठविली. त्याच्याच नावावरून तंबाखूतील मुख्य द्रव्यास पुढे ‘निकोटिन’ हे नाव पडले. आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तेथून दख्खनेत शिरली.

उत्तरेतील दरबारात तंबाखूने प्रवेश केला तो आपल्याच बाजूने, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अकबराचा सरदार असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबारी वकील म्हणून गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली, आणि १६०४-०५ च्या सुमारास परत जाताना ती रत्नजडित चिलमीसह बादशहासाठी आग्र्यास नेली. त्या प्रसंगाचे वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. बादशहाने एक-दोन झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली की, आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, तेव्हा ती कशी घ्यावी? असद बेगाने उत्तर दिले की, जगातील प्रत्येक रीत कधी ना कधी नवीनच असते. अकबराने पुन्हा चिलीम घेतली नाही. सरदारांनी मात्र मागणी केली, आणि लवकरच व्यापारी तंबाखू विकू लागले. १६१७ साली जहांगिराने धूम्रपानास बंदी करणारे फर्मान काढले. ते किती पाळले गेले, हे आजच्या हिंदुस्थानकडे पाहून वाचकांनीच ठरवावे.

या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चिलीम आणि हुक्का हे राजदरबारातील प्रकार झाले. परंतु सामान्य माणसाच्या घरी तंबाखूची वाट आधीच तयार होती. पान, चुना, कात आणि सुपारी ही सामग्री आपल्याकडे कित्येक शतके रुजलेली होती. विड्यात आणखी एक पान पडले, एवढेच. ज्याला विडा परवडेना त्याने पान-सुपारी वगळली, तंबाखू व चुना तेवढा ठेवला. तळहातावर मळावे, फुंकर घालावी आणि बार भरावा. यास ना विस्तव लागे, ना हुक्का. शेतात, गिरणीत, बोटीवर, पहाऱ्यावर कोठेही ते जमे.

स्वीडनची डबी

आता स्वीडनकडे वळू. युरोपातील इतर देशांप्रमाणे तेथेही आरंभी नाकाने ओढण्याची तपकीरच प्रतिष्ठित होती. अठराव्या शतकात फ्रेंच दरबारी रिवाजांचे अनुकरण करणाऱ्या उमरावांच्या खिशात तपकिरीची नक्षीदार डबी असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही फॅशन ओसरली. पण स्वीडनच्या शेतकऱ्यांनी व मजुरांनी तंबाखूची भुकटी पाण्याने व मिठाने ओलसर करून वरच्या ओठाखाली ठेवण्याची स्वतःची रीत पाडली होती. याच ओलसर भुकटीस ‘स्नूस’ म्हणतात. स्टॉकहोम येथील याकोब फ्रेडरिक ल्युंगलोफ या कारखानदाराने १८२२ साली ‘एत्तान’, म्हणजे ‘क्रमांक एक’, या नावाचा स्नूस बाजारात आणला. हे नाव आजही चालू आहे. ल्युंगलोफने जी सुधारणा केली ती पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. पूर्वी तंबाखू महिनोन्महिने आंबवीत ठेवावी लागे. त्याऐवजी त्याने ती उष्णता देऊन थोड्या दिवसांत तयार करण्याची पद्धत बसविली. त्याचा हेतू अर्थातच वेळ व पैसा वाचविण्याचा होता. लोकांच्या प्रकृतीचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्षावधी स्वीडिश लोक पोटासाठी अमेरिकेस गेले, आणि जाताना आपली डबी घेऊन गेले. मिनिआपोलिस शहरातील त्यांच्या वस्तीतल्या सीडर ॲव्हेन्यू या रस्त्यास लोक थट्टेने ‘स्नूस बूलेव्हार्ड’ म्हणू लागले. दूर देशी गेलेला माणूस भाषा, सण आणि देव यांच्याबरोबर आपल्या सवयीही जपतो, हे आम्हां मंडळवाल्यांस निराळे सांगावयास नको.

१९१५ साली स्वीडनच्या सरकारने तंबाखूचा धंदा मक्तेदारीत घेतला. ही मक्तेदारी १९६१ पर्यंत टिकली. १९१९ साली स्नूसचा खप सुमारे ७,००० टनांवर गेला होता. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ लाखांच्या आत होती, म्हणजे माणशी वर्षास किलोहून अधिक! पण पुढे सिगारेट आली. ती आधुनिक समजली जाऊ लागली. स्नूस म्हाताऱ्यांचा, खेडवळांचा आणि लाकूडतोड्यांचा ठरला. १९७० च्या सुमारास त्याचा खप पूर्वीच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आला. तेथील तरुणांच्या लेखी स्नूसची जी किंमत झाली, तीच आपल्याकडे आजोबांच्या तपकिरीच्या डबीची झाली होती.

वारे फिरले

१९५० साली इंग्लंडात रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. १९६२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने व १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने अहवाल काढले, आणि सिगारेटचे खरे रूप जगापुढे आले. यानंतर स्वीडनमध्ये जे घडले ते कोणी योजून केले नव्हते. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या पुरुषांच्या घरात आजोबांची जुनी डबी होतीच. ते तिच्याकडे परत वळले. १९७० च्या दशकात चहाच्या पुडीसारख्या लहान पुड्यांत भरलेला स्नूस निघाला, त्यामुळे तो ओठाखाली ठेवणे शहरी माणसासही सोपे झाले. १९७६ साली स्वीडनमधील शंभर पुरुषांपैकी सुमारे चाळीस रोज धूम्रपान करीत. २००२ साली ही संख्या पंधरावर आली. त्याच काळात रोज स्नूस घेणारे शंभरांत दहाच्या आसपास होते, ते तेविसांच्या घरात गेले. अलीकडे, २०२० नंतरच्या वर्षांत, तेथील प्रौढांमध्ये रोज धूम्रपान करणारे शंभरांत पाच-सहाच उरले आहेत. पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण युरोपात जेथे सर्वांत कमी आहे, त्यांत स्वीडनची गणना होते.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्याच २६ वर्षांत स्वीडिश स्त्रियांमधील धूम्रपानही शंभरांत ३४ वरून २० वर आले, आणि त्या काळी स्नूस घेणाऱ्या स्त्रिया अगदी थोड्या होत्या. तेव्हा कर, प्रचार, शिक्षण व कायदे यांचाही वाटा त्यात मोठा होता. सगळे श्रेय डबीला देणे बरोबर होणार नाही.

तोंडाच्या कर्करोगाचे काय? १९९८ साली स्वीडनमध्येच प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत स्नूस घेणाऱ्यांमध्ये तोंडाचा कर्करोग लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. पुढील बहुतेक अभ्यासांचा सूरही तोच आहे, जरी एखाद्या अभ्यासात वाढ दिसली आहे. २००७ साली बांधकाम कामगारांच्या मोठ्या पाहणीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शंका पुढे आली. २०१७ साली नऊ पाहण्यांची माहिती एकत्र करून पाहिली असता ती शंका दृढ झाली नाही. गरोदरपणी मात्र स्नूसने बाळ अपुऱ्या दिवसांचे होण्याचा व मृत जन्मण्याचा धोका वाढतो. आणि व्यसन तर लागतेच; स्नूस सोडणे सिगारेट सोडण्याइतकेच कठीण जाते.

यावरून युरोपात मोठा वाद झाला. १९८० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी तोंडात ठेवण्याच्या तंबाखूच्या पुड्या तरुणांत खपविण्यास आरंभ केला होता. त्यास आळा घालण्यासाठी युरोपीय संघटनेने १९९२ साली अशा तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. १९९४ साली स्वीडनने युरोपीय संघात जावे की नाही यावर सार्वमत झाले, त्या वेळी स्नूस हा चक्क राजकीय प्रश्न झाला. अखेर १ जानेवारी १९९५ रोजी स्वीडन संघात गेला तो या बंदीतून सवलत घेऊनच. ही बंदी कायदेशीर असल्याचा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००४ व २०१८ असा दोनदा दिला. उलट अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वीडिश स्नूसच्या आठ प्रकारांस, सिगारेटऐवजी हे वापरल्यास काही रोगांचा धोका कमी होतो, असे जाहीर करण्याची परवानगी दिली.

तात्पर्य, आमच्या स्नेह्यांनी वाचलेली गोष्ट खोटी नव्हती. घात झाला तो अर्ध्या गोष्टीने.

आपली चंची

बदलीच्या नोकरीमुळे आम्हांस देशाच्या पुष्कळ भागांत राहण्याचा योग आला. भाषा बदलते, स्वयंपाक बदलतो, पण तोंडातील तंबाखू कोठे चुकत नाही. तिचे नाव तेवढे बदलते. बिहारात ती खैनी, गुजरातेत सुपारी-चुन्यासह मळलेला मावा, ओरिसा व छत्तीसगडात गुळाच्या काकवीत कालवून दातांस लावण्याचा गुडाखू, आसामात तामोळाबरोबरची सादा. मिझोराममध्ये तर तंबाखूचा धूर पाण्यातून नेऊन ते पाणीच तोंडात धरतात, त्यास तुइबुर म्हणतात. आणि आपल्या महाराष्ट्रात? शेतकऱ्याच्या कमरेची चंची आहे, भिक्षुकाची तपकीर होती, आणि तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली मशेरी आहे. मशेरी लावणाऱ्या स्त्रीस आपण व्यसनी आहोत असे कधी वाटतच नाही. ती म्हणते, ‘मी दात घासते.’ १९९० च्या दशकात मुंबईत ३५ वर्षांवरील ९९,५९८ लोकांची पाहणी झाली. तीत शंभरांत ५७ हून अधिक स्त्रिया तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि त्यांतील जवळजवळ साऱ्या बिनधुराचीच तंबाखू वापरीत होत्या. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर कायद्याची नजर पोचत नाही.

या सवयीचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध आपल्या देशात सिगारेटच्या अहवालांहून कितीतरी आधी लक्षात आला होता. १९०२ साली मद्रासेस निब्लॉक या शल्यचिकित्सकाने गालाच्या कर्करोगाचा संबंध तंबाखूच्या विड्याशी जोडला. १९३३ साली ऑर यांनी त्रावणकोरातील विडा खाणाऱ्यांविषयी तसेच लिहिले. १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला. संघवी, राव व खानोलकर यांचा निबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणे हे मुख्यतः तोंडाच्या, तर धूम्रपान हे घशाच्या कर्करोगाशी निगडित आहे, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींवरून दाखविले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पथकाने महाराष्ट्रातील खेडोपाडी जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली व १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे या विषयाचे ज्ञान आपणांस परदेशातून आणावे लागलेले नाही. ते आपल्याच माणसांनी, आपल्याच लोकांची तोंडे तपासून मिळविलेले आहे.

आज काय स्थिती आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी शंभरांत २१ हून अधिक लोक बिनधुराची तंबाखू वापरीत होते, आणि सिगारेट ओढणारे अवघे चार होते. महाराष्ट्रात तर शंभरांत २४ जण बिनधुराची तंबाखू घेणारे आणि चारांहून कमी धूम्रपान करणारे. तोंडात तंबाखू धरल्याने कर्करोग टळत असता, तर महाराष्ट्र स्वीडनच्याही पुढे असावयास हवा होता. प्रत्यक्षात २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण होते. साऱ्या जगातील अशा रुग्णांच्या एक-तृतीयांशाहून ही संख्या जास्त आहे. भारतीय पुरुषांत हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे.

एकच नाव, दोन वस्तू

मग स्वीडनमध्ये जे चालते ते आपल्याकडे का चालत नाही? याचे उत्तर तंबाखू तयार करण्याच्या रीतीत आहे.

तंबाखूच्या पानात नायट्रेट असते. पान वाळविताना, आंबविताना व साठविताना त्यावरील सूक्ष्म जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि त्याचा पानातील निकोटिन वगैरे द्रव्यांशी संयोग होऊन नायट्रोसमाइन नावाची संयुगे बनतात. बिनधुराच्या तंबाखूतील कर्करोगाचे मुख्य बीज ते हेच. स्वीडिश स्नूस वाफेने कित्येक तास तापवितात, त्यामुळे ते जंतू मरतात. पुढे दुकानातही तो शीतकपाटात ठेवतात. वर तेथे १९७१ पासून स्नूस हा खाद्यपदार्थांच्या कायद्याखाली येतो, आणि कारखानदारांनी पुढे विषारी द्रव्यांच्या कमाल मर्यादा ठरवून घेतल्या. ल्युंगलोफने वेळ वाचविण्यासाठी जी उष्णता वापरली, तिच्या कृपेने त्याच्या देशाचा केवढा फायदा झाला, हे त्याच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी कळले.

आपली तंबाखू उन्हात वाळते, पोत्यांत आंबते, टपरीवर महिनोन्महिने पडून राहते. काही प्रकारांत अधिक जहाल जातीचे पान वापरतात. त्यात चुना पडतो. चुन्याने तोंडातील आम्लता नाहीशी होऊन निकोटिन गालाच्या आवरणातून झपाट्याने रक्तात उतरते, म्हणून तर मळताना चुन्याचे प्रमाण साधणे हे कसब समजले जाते. पण तोच चुना ते नाजूक आवरण रोज थोडे थोडे भाजून काढतो. विड्यात, माव्यात व गुटख्यात सुपारी असते, आणि सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच दिला आहे. सुपारीने गालाचे आतील आवरण कडक होत जाते व तोंड उघडेनासे होते. हा विकार आता विशीतल्या मुलांतही दिसतो.

हा भेद केवळ भारत आणि स्वीडन यांच्यातील नाही. १९८१ साली डेबोरा विन यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात हिरडीशी कोरडी तपकीर धरणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चौपट असल्याचे आढळले. जन्मभर ही सवय असणाऱ्या स्त्रियांत गाल व हिरडीच्या कर्करोगाचा धोका तर पन्नास पटींच्या जवळ गेला होता. धूर तेथेही नव्हता.

गुटख्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७० नंतर कारखान्यात तयार होऊ लागलेला हा पदार्थ १९८० च्या दशकात लहान पुड्यांत आला आणि शाळेच्या कोपऱ्यावरील टपरीपर्यंत पोचला. महाराष्ट्र शासनाने २००२ साली त्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू मिसळण्यास मनाई झाली, तेव्हा मध्य प्रदेश, केरळ यांच्यामागोमाग जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रानेही पुन्हा बंदी घातली. त्यावर तोड अशी निघाली की, पानमसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत; मिसळण्याचे काम गिऱ्हाइकाने करावे. खाद्यपदार्थाच्या कायद्याने स्वीडनने आपली तंबाखू तपासून घेतली, आणि आपण त्याच जातीच्या कायद्याने गुटखा हद्दपार करू पाहिला. दोन्ही देशांची परिस्थिती किती भिन्न आहे, हे एवढ्यावरूनही कळेल.

पाणबुडीतील शोध

तरीही सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसास निकोटिनवाचून पहिले काही आठवडे काढणे जड जाते, ही अडचण खरी आहे. तिच्यावरचा एक उपायही स्वीडनमध्येच निघाला, आणि तो तोंडातील तंबाखूवरूनच सुचला. १९६७ च्या सुमारास लुंड विद्यापीठातील क्लास लुंडग्रेन व त्यांच्या सहकाऱ्याच्या ध्यानात आले की, पाणबुडीवरील खलाशी पाण्याखाली धूम्रपान करता येत नसल्यामुळे तेवढ्या वेळेपुरती तंबाखू तोंडात धरतात, आणि त्यांचे भागते. धूर नसला तरी निकोटिन मिळाल्यास माणूस तग धरतो, एवढा बोध त्यांनी त्यातून घेतला आणि तो हेल्सिंगबोर्ग येथील औषधी कारखान्यातील ओवे फेर्ने यांस कळविला. फेर्ने यांनी तंबाखू पूर्ण वगळून केवळ निकोटिन असलेला चघळण्याचा गोंद तयार केला. निकोटिन गालातून शोषले जावे म्हणून त्यात आम्लता कमी करणारे सौम्य द्रव्य घातले. आपला चुना जे काम करतो तेच, पण गाल न भाजता! १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये व १९८४ साली अमेरिकेत या गोंदास औषध म्हणून मान्यता मिळाली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनच्या अशा उपचारांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आपल्याकडेही या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. त्या ठराविक मुदतीपुरत्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या असतात. ज्यास सिगारेट सोडण्यासाठी तोंडात काही धरणे भागच आहे, त्याच्यासाठी ही वाट खुली आहे. चंची आणि पुडी यांच्याकडे जाणारी वाट निराळी आहे, आणि ती कोठे जाते ते वर आलेच आहे.

शेवटी

आमच्या स्नेह्यांच्या चिठ्ठीचे उत्तर आता देता येईल. स्वीडनची गोष्ट खरी आहे. ती स्वीडनच्या डबीची गोष्ट आहे. तीत सुमारे दोनशे वर्षांची एक कारखानदारी पद्धत आहे, वाफ आहे, शीतकपाट आहे, आणि तपासणीचा कायदा आहे. तेथेही तो स्नूस निर्दोष नाही; सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, इतकेच. आपल्या तळहातावरील तंबाखूस त्या देशाचे प्रशस्तिपत्र लागू पडत नाही. दोन्हींस मराठीत आपण ‘तोंडातली तंबाखू’ असे एकच नाव देतो, आणि त्या एका नावाने शहाणा माणूसही फसतो.

असद बेगाने हकिमास दिलेले उत्तर मोठे चतुर होते. प्रत्येक रीत कधी तरी नवीन असते, हे खरेच. पण हकिमाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता. जी वस्तू आपण तपासलेली नाही, ती कशी घ्यावी? चारशे वर्षांनंतर आता ती तपासून झाली आहे. परळच्या रुग्णालयात झाली आहे, महाराष्ट्राच्या खेड्यांत झाली आहे. उत्तर आपल्या हाती आहे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी या परक्या शहरात दर वर्षी गणपती बसविण्याचे ठरविले, त्यांतील कित्येक जण पानसुपारीचे तबक फिरविल्याशिवाय कार्यक्रम संपला असे मानीत नसत. त्या आतिथ्याची आठवण आम्हांस प्रिय आहे. तबक अवश्य फिरावे. त्यात बडीशेप असावी, खडीसाखर असावी, वेलदोडा असावा. तंबाखूची वाटी व सुपारीची फोड मात्र आता त्यातून उचलावी, अशी आमची मंडळास नम्र सूचना आहे. आणि मंडळातील ज्या कोणाच्या गालात पांढरा अथवा तांबडा चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, त्याने हा अंक बाजूस ठेवून उद्याच डॉक्टरांकडे जावे. आमच्या स्नेह्यांनी हा लेख छापण्यापूर्वी वाचला. त्यात त्यांनी एकच दुरुस्ती सुचविली. मूळ मजकुरात आम्ही ‘या आठवड्यात’ असे लिहिले होते. ते खोडून त्यांनी ‘उद्याच’ असा शब्द घातला.